तिसरे मत कोणत्या वाटेने येते: कोरोसिंक क्यूडिव्हाइसचे नाशिकमधून केलेले परीक्षण

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतील मध्यम आकाराच्या कारखान्यांमध्ये आता एक मांडणी रूढ होऊ लागली आहे. सर्व्हरचा एक रॅक कारखान्याच्या आवारात असतो आणि दुसरा नवी मुंबईतील महापे किंवा ऐरोली येथील भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये असतो. दोन्ही ठिकाणची यंत्रे मिळून एकच क्लस्टर बनतो, म्हणजे एका ठिकाणी वीज गेली किंवा पाणी शिरले, तरी जॉब कार्ड, साठा आणि बीजके यांचे काम दुसऱ्या ठिकाणाहून चालू राहावे, अशी अपेक्षा असते. मी अंबडमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याची संगणक यंत्रणा सांभाळतो आणि आमच्याकडे हीच मांडणी आहे. या मांडणीतील सर्वांत मोठा धोका यंत्र बंद पडण्याचा नसतो. दोन्ही बाजूंची यंत्रे धडधाकट असताना त्यांच्यामधली फायबरची जोडणी तुटणे हा तो धोका होय. त्यावरचा उपाय म्हणून आम्ही कोरोसिंक या, क्लस्टरमधील यंत्रांना एकमेकांच्या संपर्कात ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचा क्यूडिव्हाइस हा भाग वापरतो, जे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि त्याचेच हे परीक्षण आहे.

जोडणी तुटली की नाशिकच्या यंत्रांना नवी मुंबईची यंत्रे दिसत नाहीत आणि नवी मुंबईच्या यंत्रांना नाशिकची. समोरचा बंद पडला आहे की केवळ दिसत नाही, हे नेटवर्कच्या एका टोकाला बसून ओळखण्याचा कोणताही खात्रीचा मार्ग नाही. दोन्ही बाजूंनी ‘समोरचा गेला, आता मीच मुख्य’ असे ठरवले, तर एकाच डेटाबेसच्या दोन मुख्य प्रती एकाच वेळी लिहू लागतात. यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात. लासलगावच्या बाजार समितीत एकाच ट्रॉलीतील कांद्याचा लिलाव दोन ठिकाणी पुकारला गेला आणि दोन्हीकडे सौदा झाला, तर जो गोंधळ होईल तोच येथे होतो. फरक इतकाच की येथे तो गोंधळ लगेच कोणाच्याही नजरेस पडत नाही. आमच्यासारख्या कारखान्यात त्याचा पहिला फटका बीजकांना बसतो, कारण दोन्ही प्रती एकाच मालिकेतील पुढचा क्रमांक देतात आणि जीएसटीच्या नियमांनुसार एका आर्थिक वर्षात बीजकाचा क्रमांक दुहेरी असू शकत नाही. जोडणी परत आल्यावर डीआरबीडीसारखी प्रतिकृती यंत्रणा दोन प्रती वेगळ्या झाल्याचे ओळखून संबंध तोडते आणि कोणत्या बाजूचा डेटा टाकून द्यायचा, हे माणसाला विचारते. त्या प्रश्नाला चांगले उत्तर नसते. जो डेटा टाकाल, त्यात कोणाचा तरी पाठवलेला माल असतो.

यावरचा पारंपरिक उपाय बहुमताचा आहे. प्रत्येक यंत्राला एक मत असते. निम्म्याहून अधिक मते ज्या गटाकडे असतील त्यानेच काम करायचे आणि उरलेल्याने थांबायचे. परंतु दोन ठिकाणी समान यंत्रे असतील, तर जोडणी तुटल्यावर कोणाकडेच बहुमत उरत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणांपासून दूर, तिसऱ्या जागी एक साक्षीदार लागतो. कोरोसिंकच्या रचनेत या साक्षीदाराचे काम क्यूनेटडी हा प्रोग्रॅम करतो, तर क्लस्टरमधील प्रत्येक यंत्रावर क्यूडिव्हाइस चालतो आणि तो क्यूनेटडीशी टीसीपीच्या ५४०३ क्रमांकाच्या पोर्टवरून संपर्क ठेवतो. साक्षीदाराच्या यंत्रावर ना डेटा असतो, ना सेवा. तो फक्त कोणत्या गटाला मत द्यायचे एवढेच ठरवतो. त्याची स्वतःची मांडणी जवळजवळ शून्य असते आणि एकच क्यूनेटडी अनेक क्लस्टरांना साक्ष देऊ शकतो, फक्त प्रत्येक क्लस्टरचे नाव वेगळे हवे. भाड्याने घेतलेले सर्वांत लहान आभासी यंत्रही या कामाला पुरते.

आमच्याकडे अंबडला दोन आणि नवी मुंबईला दोन यंत्रे आहेत. ‘एफएफस्प्लिट’ ही पद्धत निवडल्यावर साक्षीदाराला एक मत मिळते. एकूण मते पाच होतात आणि बहुमतासाठी तीन लागतात. जोडणी मध्येच तुटली तर दोन विरुद्ध दोन अशी स्थिती होते आणि साक्षीदार आपले मत नेमक्या एकाच गटाला देतो. आधी मोठ्या गटाला, गट समान असतील तर यंत्रांनी स्वतःवर चालवलेल्या तपासण्यांचे गुण आणि साक्षीदारापर्यंत पोहोचलेली यंत्रे पाहून, आणि तरीही बरोबरी राहिली तर ठरवून दिलेल्या नियमाने. मूळ नियमानुसार बरोबरीत सर्वांत लहान क्रमांकाचे यंत्र ज्या गटात असेल तो गट जिंकतो. म्हणून अंबडच्या यंत्रांना आम्ही पहिले आणि दुसरे क्रमांक दिले, कारण माणसे आणि माल अंबडला आहेत. हा क्रमांक क्लस्टर उभारतानाच विचारपूर्वक द्यावा. पुढे बदलणे शक्य असले, तरी चालू क्लस्टरमध्ये तो उद्योग कोणी करू नये.

आता या परीक्षणाचा गाभा. साक्षीदार कोणत्या यंत्रावर आहे याला फारसे महत्त्व नाही. तो कोणत्या वाटेने दोन्ही ठिकाणांशी जोडलेला आहे, यावर सर्व काही अवलंबून आहे. अनेक जण साक्षीदार मुंबईच्या क्लाउडमध्ये ठेवतात, कारण तो स्वस्त आणि जवळ आहे. पण नाशिकहून नवी मुंबईला जाणारी फायबर आणि मुंबईच्या क्लाउडला जाणारी फायबर बहुधा एकाच वाटेने, इगतपुरी आणि कसारा घाटातून उतरते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून ती वाट तुटली, तर नाशिक एकाच वेळी दोघांपासूनही तुटते. साक्षीदार आपले मत नवी मुंबईला देतो, नियमानुसार अंबडची यंत्रे थांबतात आणि कारखान्यातील प्रत्येक टर्मिनल बंद पडते. डेटा सुरक्षित राहतो हे खरे, पण ज्या कारखान्यासाठी हा सगळा खर्च केला, तोच थांबतो. म्हणून आम्ही साक्षीदार पुण्यातील एका क्लाउडमध्ये ठेवला. नाशिकहून पुण्याची वाट सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण अशी जाते आणि नवी मुंबईहून पुण्याची वाट बोरघाटातून चढते. नकाशावर हा त्रिकोण निर्दोष दिसतो.

प्रत्यक्षात तो तसा असेलच असे नाही. नाशिकमधून पुण्याकडे जाणारी इंटरनेटची वाहतूक अनेकदा आधी मुंबईला जाते आणि तेथून पुण्याला वळते, कारण सेवा पुरवठादारांच्या मुख्य जोडण्या मुंबईत आहेत. ज्या पुरवठादाराने आम्हाला ‘पूर्णपणे स्वतंत्र मार्ग’ असे सांगून दुसरी लाइन विकली, त्याच्या लाइनवर ट्रेसरूट ही वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा चालवल्यावर वाटेतल्या राउटरांच्या नावांत मुंबईच दिसली. म्हणून मार्ग तोंडी विचारू नये, करारात लिहून घ्यावा आणि स्वतः तपासावा. ट्रेसरूटही नेहमी पुरेसा नसतो, कारण पुरवठादारांच्या एमपीएलएस पद्धतीच्या अंतर्गत जाळ्यात मधले टप्पे बहुधा दिसत नाहीत. तेव्हा वेळ पाहावा लागतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे २०० किलोमीटरला एका दिशेने १ मिलिसेकंद लागतो. नाशिक–पुणे हे अंतर जवळपास तेवढेच आहे. उत्तर त्याच्या कितीतरी पट उशिरा येत असेल, तर ते कुठे तरी वळसा घालून येत आहे असे समजावे.

शेवटचा टप्पाही तितकाच महत्त्वाचा आहे. दोन पुरवठादारांच्या दोन केबली कारखान्याच्या फाटकाजवळ एकाच चरातून आत येत असतील, तर एका जेसीबीने दोन्ही तुटतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात रस्त्यांची कामे चालू असताना ही शक्यता कागदावरची राहिलेली नाही. आमची पुण्याकडची जोडणी म्हणूनच दुसऱ्या बाजूच्या भिंतीतून आत आणली आहे. त्याखेरीज फक्त साक्षीदारासाठी मोबाइल नेटवर्कवरचा एक राउटरही ठेवला आहे. क्यूडिव्हाइसचा येथे मोठा फायदा असा की त्याला रुंद किंवा वेगवान लाइन लागत नाही. क्लस्टरमधल्या यंत्रांचा आपसातला संवाद विलंबाबाबत अतिशय नाजूक असतो, पण साक्षीदाराशी होणारा संवाद मोबाइल नेटवर्कचा चढउतारही सहन करतो. अर्थात टॉवरची स्वतःची फायबर कुठून जाते, हेही विचारावे लागतेच.

आम्ही ही मांडणी कामाला लावण्यापूर्वी जोडण्या मुद्दाम तोडून पाहिल्या. फक्त नाशिक–नवी मुंबई जोडणी तोडल्यावर साक्षीदाराने अंबडला मत दिले आणि नवी मुंबईची यंत्रे बाजूला झाली. फक्त पुण्याची जोडणी तोडल्यावर काहीच बदलले नाही, कारण पाचपैकी चार मते शिल्लक होती. नाशिकच्या दोन्ही जोडण्या तोडल्यावर सेवा नवी मुंबईत सुरू झाली आणि अंबड थांबले. पुणे बंद ठेवून नंतर मधली जोडणी तोडल्यावर दोन्ही बाजू थांबल्या. व्यवस्थापनाला ही शेवटची स्थिती पटवून देणे अवघड गेले, पण तेच योग्य वर्तन आहे. कोण खरे हे सांगणारा कोणी नसताना दोघांनीही न लिहिणे, यासाठीच तर ही यंत्रणा घेतली आहे.

मत मिळाले नाही म्हणून थांबा, असे सांगणे वेगळे आणि यंत्र खरोखर थांबणे वेगळे. गोठलेली प्रक्रिया, अडकलेली डिस्क किंवा अति भाराखाली दबलेले यंत्र ‘थांब’ हा आदेश पाळेलच असे नाही, आणि काही सेकंदांनी जागे होऊन ते लिहू लागले तर सारे बहुमत व्यर्थ ठरते. एकाच इमारतीत असताना पेसमेकर, म्हणजे कोणती सेवा कोणत्या यंत्रावर चालवायची हे ठरवणारा क्लस्टरचा प्रोग्रॅम, समोरच्या यंत्राची वीज आयपीएमआय या सर्व्हरमधील दूरनियंत्रणाच्या सोयीमार्फत तोडतो आणि यालाच फेन्सिंग म्हणतात. दोन शहरांमध्ये मात्र ही युक्ती नेमकी हवी तेव्हा निकामी होते. जी जोडणी तुटली आहे, तिच्यावरूनच वीज तोडण्याचा आदेश जायचा असतो. म्हणून दूरच्या ठिकाणांमध्ये यंत्राने स्वतःला बंद करण्याची सोय हवी. एसबीडी हा प्रोग्रॅम यंत्रातील वॉचडॉग घड्याळाला ठरावीक काळाने थोपटत राहतो. बहुमत गेले किंवा प्रोग्रॅमच गोठला की थोपटणे थांबते आणि ते घड्याळ यंत्राला जबरदस्तीने रीस्टार्ट करते. सामाईक डिस्कशिवाय चालणारा एसबीडी दोनच यंत्रांच्या क्लस्टरमध्ये भरवशाचा नसतो, परंतु क्यूडिव्हाइसच्या सोबतीने तो दोन यंत्रांमध्येही वापरता येतो. माझ्या मते ही जोडी हेच या उत्पादनाचे खरे बळ आहे. वॉचडॉग मात्र मदरबोर्डवरचा, हार्डवेअरचा असावा. लिनक्समधला सॉफ्टवेअर वॉचडॉग कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभाच, गोठल्यावर मदतीला येत नाही.

येथे वेळांचे गणित नीट जुळवावे लागते आणि माहितीपत्रके ते विखरून देतात. कोरोसिंकच्या ३.१ आवृत्तीपासून टोकनची, म्हणजे यंत्रांमध्ये फिरणाऱ्या संपर्काच्या खुणेची वाट पाहण्याची, मूळ मुदत ३ सेकंद आहे आणि दोनपेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक यंत्रामागे तीत ०.६५ सेकंदाची भर पडते. म्हणजे चार यंत्रांना ४.३ सेकंद. त्यानंतर नवा गट ठरताना क्यूडिव्हाइस साक्षीदाराच्या उत्तरासाठी जास्तीत जास्त ३० सेकंद थांबतो. एसबीडीची वॉचडॉग मुदत मूळची ५ सेकंद असते. ती तशीच ठेवून क्यूडिव्हाइस जोडला, तर साक्षीदाराचे उत्तर येण्याआधीच निरोगी यंत्रे स्वतःला रीस्टार्ट करू शकतात. ती ३० पेक्षा जास्त, उदाहरणार्थ ३५ सेकंद ठेवावी, आणि समोरची बाजू नक्की बंद झाली असे मानण्यासाठी पेसमेकरने धरायची मुदत त्याच्या किमान दुप्पट, म्हणजे ७० सेकंद ठेवावी. परिणामी सेवा नवी मुंबईत चालू असताना जोडणी तुटली, तर अंबडला ती सुरू व्हायला मिनिटभराहून अधिक वेळ लागतो. विक्रेते ‘क्षणात बदल’ असे सांगतात तेव्हा ही ७० सेकंदे ते सांगत नाहीत. मला ती रास्त वाटतात. बीजकांच्या खोलीतील माणसे एक मिनिट थांबू शकतात, पण दुहेरी क्रमांक निस्तरायला आठवडा लागतो.

केवळ बहुमत पुरत नाही याचा सर्वांत बोलका पुरावा जगासमोर आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेटा सेंटरची जोडणी उपकरण बदलताना अवघी ४३ सेकंद तुटली. तेवढ्यात त्यांच्या ऑर्केस्ट्रेटर या यंत्रणेने उरलेल्या ठिकाणांच्या बहुमताने पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसना मुख्य केले. बहुमत नियमानुसारच झाले होते. पण पूर्वेकडे काही सेकंदांचे लेखन असे झाले होते, जे पश्चिमेला पोहोचलेच नव्हते, आणि पश्चिमेकडे त्यानंतर नवे लेखन सुरू झाले होते. दोन्ही प्रतींत दुसरीकडे नसलेला डेटा असल्याने सहज माघारी जाता येईना आणि सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. म्हणून साक्षीदाराबरोबरच प्रतिकृती समकालिक हवी, म्हणजे दुसऱ्या बाजूला लिहिले गेल्याशिवाय लेखन पूर्ण मानू नये. डीआरबीडीत समोरची बाजू बाद झाल्याची खात्री होईपर्यंत लेखन रोखून धरण्याचे धोरणही निवडता येते. नाशिक–नवी मुंबई अंतराला हा विलंब परवडतो.

क्यूडिव्हाइसमध्ये ‘एलएमएस’ नावाची दुसरी पद्धतही आहे. तिच्यात शेवटचे एक यंत्र उरले तरी काम चालू राहते, कारण साक्षीदाराची मते यंत्रांच्या संख्येपेक्षा एकाने कमी, म्हणजे चार यंत्रांना तीन असतात. एकूण सात, बहुमत चारचे. ऐकायला आकर्षक, पण साक्षीदारच बंद पडला तर चारही यंत्रे मिळून जेमतेम चार मते होतात आणि त्यानंतर एकही यंत्र गेले की सगळे थांबते. ज्याला आपण फक्त सल्लागार म्हणून आणले, त्याच्यावरच सारा भार येतो. ज्यांचा साक्षीदार इंटरनेटवरून जोडलेला आहे, त्यांनी या पद्धतीपासून दूर राहावे.

एफएफस्प्लिटचीही एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती देखभालीच्या दिवशीच समोर येते. अंबडचे एक यंत्र दुरुस्तीसाठी बंद असताना जोडणी तुटली, तर एक विरुद्ध दोन अशी स्थिती होते आणि मत मोठ्या गटाला, म्हणजे नवी मुंबईला जाते. बरोबरीसाठी ठरवलेला नियम तेव्हा लागूच होत नाही. समतोल राखायला नवी मुंबईचेही एक यंत्र बंद ठेवावे असे कोणाला वाटेल, पण मग जोडणी तुटल्यावर एक यंत्र आणि एक मत मिळून दोनच होतात आणि दोन्ही बाजू थांबतात. त्यामुळे देखभाल करताना सेवा आधीच नवी मुंबईला हलवून ठेवणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

तक्रारीची जागा मुख्यतः निरीक्षणाची आहे. साक्षीदार संपर्कात नसला, तरी क्लस्टर निवांत चालू राहतो आणि कोणी मुद्दाम पाहिले नाही तर ते कळत नाही. ज्या दिवशी मधली जोडणी तुटते, त्या दिवशी साक्षीदार गेले काही आठवडे गायबच होता, हे उघड होणे ही सर्वांत वाईट वेळ असते. स्थिती दाखवणाऱ्या आज्ञा चांगल्या आहेत. कोणत्या यंत्राला होकार मिळाला, तपासणी उत्तीर्ण झाली की नाही, हे सगळे त्यांत दिसते. पण सूचना पाठवण्याची सोय आपणच जोडावी लागते. साक्षीदाराने एखाद्या गटालाच मत का दिले, याची सविस्तर नोंदही मूळ मांडणीत मिळत नाही. माझी विकासकांकडे एकच मागणी असेल, तर ती या निर्णयाची कारणासह एका ओळीत नोंद ठेवण्याची. साक्षीदाराशी सुरक्षित संपर्कासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांची उभारणी हाताने केली तर किचकट आहे, पण पीसीएस हे क्लस्टर सांभाळण्याचे साधन वापरल्यास ती एका आज्ञेत होते.

सॉफ्टवेअरला किंमत नाही आणि डेबियन, रेड हॅट, सुसे या सर्वांच्या भांडारांत ते मिळते. खरा खर्च स्वतंत्र मार्गाच्या लाइनचा आहे आणि तोच वाचवण्याचा मोह होतो. नाशिक–नवी मुंबई किंवा नाशिक–पुणे अशा अंतरावरच्या दोन ठिकाणांसाठी, हार्डवेअर वॉचडॉगसह, मी क्यूडिव्हाइस निःशंकपणे सुचवीन. दुसरे ठिकाण हैदराबाद किंवा चेन्नईसारखे दूर असेल, तर मात्र एकच क्लस्टर ताणू नये. तेथे दोन स्वतंत्र क्लस्टर ठेवून त्यांच्यात बूथ हा तिकीट-व्यवस्थापक वापरावा. त्यात सेवा चालवण्याचा हक्क मुदतीच्या तिकिटाने मिळतो, मूळ मुदत ६०० सेकंद असते आणि तिकिटाचे नूतनीकरण झाले नाही तर ती बाजू आपणहून सेवा सोडते. तिसऱ्या ठिकाणचा लवाद तेथेही लागतो, आणि त्याच्या जोडणीचा मार्ग तेथेही तपासूनच घ्यावा लागतो.